ताकाचा पाव

अथलोन, आयर्लंड
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय कांता,

वर नमस्कार लिहावा की जय भीम, यात माझा अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही लिहिते. नमस्कार. जय भीम. तुला पटेल तो ठेव, दुसरा खोड.

मी शालू. कुंभार पिंपळगावची, द्वारकाबाईंची. शाळेत तुझ्याच बाकावर बसायची आणि गणितं तुझ्या वहीत बघून सोडवायची, ती. दहावीनंतर आपण बोललो नाही. येत्या उन्हाळ्यात पन्नास वर्षं होतील, म्हणजे आता तरी कोणीतरी सुरुवात करायला हवी.

तुझा पत्ता भुजंगनं दिला. भुजंग माझा चुलत भाऊ, आमची शेती तोच बघतो. तो तुझा फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. मी नाव सांगितलं आणि तू फोन ठेवलास तर मी काय करू? पत्र निदान फोडावं तरी लागतं.

माझी हकिकत थोडक्यात अशी. हे, म्हणजे रामप्रसाद, चार वर्षांपूर्वी गेले. भोकरदनच्या घराला कुलूप आहे. आदिनाथ इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सून मीना दवाखान्यात नर्स आहे. नातू दोन वर्षांचा. दोघं कामावर गेले की तो आणि मी. तो इंग्रजी बोलतो, मी मराठी, आणि आमचं बिलकुल भांडण होत नाही.

शेजारी मॉरीन नावाची एक म्हातारी राहते. एक्क्याऐंशी वर्षांची, अजून सायकलवर फिरते. परवा तिनं मला हात धरून तिच्या स्वयंपाकघरात नेलं आणि त्यांचा घरगुती पाव करून दाखवला. कांता, तुला खोटं वाटेल, त्यात काय काय असतं सांगू? पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. बस. यीस्ट नाही, अंडं नाही, रात्रभर भिजत घालणं नाही. मी म्हटलं, अगं बाई, हे तर सगळं आपल्या घरात असतं, मग आपण इतकी वर्षं हा पाव का केला नाही? तिला मराठी कळत नाही, पण ती हसली.

गव्हाचं जाडसर पीठ तीन वाट्या, मैदा एक वाटी, सोडा एक सपाट चमचा, मीठ एक चमचा, आंबट ताक दीड-दोन वाट्या, लागेल तसं. गोल गोळा करायचा आणि वर सुरीनं अधिकच्या चिन्हासारख्या दोन खोल चिरा द्यायच्या. मॉरीन म्हणते, त्यातून पऱ्या बाहेर पडतात. मला वाटतं वाफ पडत असावी. पाऊण तास भट्टीत. काढला की पालथा करून बुडावर टिचकी मारायची. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं. पोकळ वाजला की झाला. पाव फोडला तेव्हा आंबूस वाफ आली आणि मला आमच्या घरचा ताकाचा डेरा आठवला. मग तू आठवलीस. म्हणून हे पत्र.

तू करून बघ. तुला नवीन काही शिकायला आवडायचं.

जाता जाता एक. आई अजून गावातच आहे. ब्याऐंशी झाली. डोळे जवळजवळ गेलेत, कानही. फोनवर तिला माझं बोलणं ऐकू येत नाही, नुसतं "हां हां" करते. चांगुणाबाई दिवसरात्र सोबतीला असते, पण तिला वाचता येत नाही. तुझं घर तिथून चार गल्ल्यांवर. येता-जाता डोकावलीस कधी, तर बरं वाटेल. माझं इथलं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलंय, ते येईपर्यंत मला हलता येत नाही.

तुझी,
शालू


कुंभार पिंपळगाव
२९ ऑक्टोबर २०२४

शालू,

जय भीम. नमस्कार खोडला नाही, तुझ्या कागदावर तसाच राहू दे.

पत्र फोडलं. दोनदा वाचलं. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे निबंध तपासले आहेत, त्यामुळे निबंधाचा खरा विषय शेवटच्या परिच्छेदात असतो हे मला ठाऊक आहे. दोन पानं पाव आणि पाच ओळी आई. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड गेली नाही.

आठवतं, तुझ्या मामाची पत्रं यायची, तेव्हा तुझी आई मला हाक मारायची? घरात तू दहावीची पोरगी असताना मला. "शालू वाचती ते खरं वाटत न्हाई, तू बराबर वाचती," म्हणायची. कारण तू वाईट बातमी गाळून वाचायचीस. मामाची म्हैस मेली ते तू गाळलंस, आणि मी वाचलं तेव्हा तुझ्या आईनं तुला लाटणं फेकून मारलं होतं.

तर मीही काही न गाळता लिहिते. मी तुझ्या आईकडे जाणार नाही.

पंचाहत्तरचा मे महिना. आमच्या बाबांना कावीळ झाली होती. वैद्यानं ताक सांगितलं होतं. मी रोज जर्मनचा तांब्या घेऊन तुमच्याकडे यायचे. गावात ताकाला कोणी नाही म्हणत नव्हतं, पण आमच्या वस्तीतल्या पोरीला ताक द्यायची रीत होती. तांब्या खाली ठेवायचा, मागे सरायचं, मग बाई वरून धार धरणार. तुझी आई एकटी अशी, की तांब्या माझ्या हातून घ्यायची आणि भरून हातात द्यायची. म्हणून मी तीन घरं ओलांडून तुमच्याकडे यायचे.

त्या दिवशी तू दारात आलीस. ओसरीवर कोणी पाहुण्या बायका बसलेल्या होत्या. तू म्हणालीस, "तांब्या खाली ठेव. आईनं सांगितलंय." मी ठेवला. तू वरून ओतलंस. निम्मं ताक माझ्या पायांवर उडालं. मी तांब्या तिथेच टाकून घरी आले.

तुला मी कधी दोष दिला नाही. तू सोळा वर्षांची, आई आत बसलेली, तू काय करणार? पण तुझ्या आईवर माझा विश्वास होता. जी बाई पहिल्यापासून वरून ओतते तिचा राग येत नाही, सवय होते. जी हातात देते आणि एक दिवस पोरीकरवी खाली ठेवायला लावते, तिचा येतो. माझा अजून गेलेला नाही.

आता पावाबद्दल. माझी नात साक्षी जालन्याला मस्तगडात खोली घेऊन शिकते, दिवाळीला आली आहे. तिला तुझी कृती वाचून दाखवली तर ती हट्टालाच पेटली. ताक मी कोणाकडे मागत नाही, पन्नास वर्षांत मागितलेलं नाही. दुकानातून पिशवी आणली तर ती जिरं-मिरचीची निघाली. शेवटी दुधात लिंबू पिळलं. भट्टी नाही, म्हणून जुन्या कुकरची शिटी आणि रबर काढून तळाला मीठ पसरलं. तुझी कृती अक्षर न अक्षर पाळली. निघाला तो दगड. टिचकी मारली तर माझंच नख दुखलं. साक्षीनं तो दाराला अडसर म्हणून लावलाय. काय चुकलं ते कळव.

कांता


अथलोन
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय कांता,

तुझं पत्र आलं आणि मी आधी दाराच्या अडसरावर इतकी हसले की नातू घाबरला. हसून झाल्यावर बाकीचं पुन्हा वाचलं.

काय चुकलं ते मला न बघताच माहीत आहे. तू पीठ मळलंस. मळलंस ना? माझाही पहिला पाव असाच गेला. आपल्या हाताला दुसरं येतच नाही. भाकरीचं पीठ तळहातानं रगडून रगडून लोण्यासारखं करायचं, कणीक तिंबून झाकून ठेवायची, हेच लहानपणापासून अंगात भिनलंय. मॉरीननं माझ्या हातावर चापट मारली गं. या पावाला मळायचंच नाही. बोटं पंजासारखी ताठ ठेवायची, ताक ओतायचं, चार-सहा वेळा गोल फिरवायचं, जेमतेम गोळा झाला की लगेच भट्टीत. ताक सोड्याला लागलं की ते फसफसायला लागतं, तेवढ्या जोरावर पाव फुगतो. आपण मळत आणि झाकत बसलो की तो जोर परातीतच मरून जातो. गोळा ओबडधोबड दिसू दे. त्याला नीटनेटका करायला जाऊ नकोस.

लिंबाचं दूध चालतं, मॉरीनला विचारलं. कुकर आधी दहा मिनिटं तापवून घे.

तू लिहिलंस ते सगळं मला आठवतं. ताक पायांवर उडालं, तेही. आईनं तसं का केलं असेल, आता काय सांगू. लोकांच्या धाकानं माणूस कधीकधी बदलतं. जुन्या काळची बाई. तिच्या वतीनं मीच तुझी माफी मागते, म्हणजे झालं.

भुजंगचा फोन आला होता. आईला आता भाकर जात नाही. दात नाहीत आणि घासही घशाखाली उतरत नाही. चांगुणाबाई दुधात पोळी कुस्करून देते तर तोंड फिरवते. हा पाव ताकात बुडवला की लोण्यासारखा होतो. तुझ्या मनाला पटलं तरच, एखादा तुकडा चांगुणाबाईच्या हाती दिलास तरी चालेल. तू आत जाऊ नकोस. दारातूनच दे.

कार्ड अजून आलं नाही.

तुझी,
शालू


कुंभार पिंपळगाव
१५ डिसेंबर २०२४

शालू,

जय भीम.

पाव साधला. हात पाठीमागे बांधून ठेवावेत असं वाटत होतं, इतकं मळावंसं वाटलं, पण आवरलं. फुगला, दोन्ही चिरांवर फाटला, बुडावर टिचकी मारली तर पिंपळगावच्या मडक्यासारखा वाजला. पहिला तुकडा तूप-मिठाशी खाल्ला. बरा आहे. बरा म्हणजे चांगला, तुला माझी भाषा माहीत आहे.

तुझी माफी मला नको. ती तुझी नाही. शाळेत एका पोरानं खिडकीची काच फोडली आणि दुसरं उभं राहून "बाई, मी माफी मागतो" म्हणालं, तर मी दोघांनाही बाकावर उभं करायचे.

"दारातूनच दे" असं तू लिहिलंस. लिहिताना तुला काहीच वाटलं नाही? मी दारातूनच पन्नास वर्षांपूर्वी आले ना परत.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी माझ्या मुलाला, धम्मपाललाही सांगितलेली नाही. त्या दिवसानंतर मी कोणाच्याच दारात ताकाला गेले नाही. बाबांनी विचारलं, ताक का नाही आणलं? मी म्हणाले, संपलं म्हणतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यांना तोंडाला कोरड पडायची, अन्नाची शिसारी होती, एवढं ताकच काय ते आवडीनं घ्यायचे. "उंद्या बघ पोरी, आसंल," म्हणायचे. गावात ताकाची तीस घरं होती. मान खाली घालून तांब्या ठेवला असता तर कोणत्याही दारात मिळालं असतं. मी नाही गेले. जूनमध्ये ते गेले. ताक न मिळाल्यामुळे गेले नाहीत, कावीळ फार वाढली होती, एवढं मला कळतं. पण शेवटचे वीस दिवस त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मी माझ्या मानासाठी दिली नाही. आपला मान राखावा हे मी हजारो पोरांना शिकवलं. आणि शिकवताना दर वेळी मला बाबांचे कोरडे ओठ दिसायचे.

म्हणून आता ठरवलंय. मी तुझ्या आईकडे जाणार आहे. दया आली म्हणून नाही. मला तिला तोंडावर विचारायचंय, त्या दिवशी असं का सांगितलंस? तिनं उत्तर दिलं तर कदाचित बाबांबद्दलचं माझं मन थोडं हलकं होईल. निम्मं ओझं तिचं आहे, ते तिनं घ्यावं. ती गेल्यावर मी कोणाला विचारू?

साक्षीची परीक्षा तोंडावर आहे, ती इथेच अभ्यासाला आली आहे. परीक्षा उरकली की जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जाईन. पाव घेऊन जाईन. रिकाम्या हातानं भांडायला जायची आपल्याकडे रीत नाही.

कांता


अथलोन
४ जानेवारी २०२५

कांता,

तुझं पत्र काल मिळालं. नाताळामुळे इथलं टपाल तुंबलं होतं. आज सकाळी भुजंगकडून तुझा नंबर घेतला. दोनदा लावला. दुसऱ्यांदा तू उचललास, "कोण?" म्हणालीस. तुझा आवाज तसाच आहे गं, वर्गात फळ्याकडे तोंड करून उत्तर द्यायचीस तसाच. मी फोन ठेवला. म्हणून हे लिहिते आहे, आणि हे तुला रविवारच्या आत मिळणार नाही हेही मला माहीत आहे. तरी लिहिते.

आई त्या दिवशी घरात नव्हती.

ती मळ्यात भाजी आणायला गेली होती. तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं. ओसरीवर ज्या पाहुण्या बायका होत्या ना, त्या भोकरदनच्या होत्या. ह्यांची आई आणि मावशी. मला बघायला आल्या होत्या. तू तांब्या घेऊन अंगणात आलीस तेव्हा ह्यांच्या आईनं विचारलं, "ही पोरगी कोन्हाची म्हनायची?" मी सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. तेवढंच. कोणी मला एक शब्द बोललं नाही. मीच उठले, दारात आले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला म्हणाले, तांब्या खाली ठेव. आणि तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला लाज वाटली, म्हणून आईचं नाव घेतलं. इतक्या पटकन घेतलं की मलाही खरं वाटलं.

आई आल्यावर म्हणाली, हा सर्जेरावचा तांब्या इथं कसा? मी म्हणाले, कांता विसरून गेली. चार दिवसांनी म्हणाली, पोर ताकाला का येईना? मी म्हणाले, दहावी होणार ना, गर्व चढलाय तिला. आईनं ते मानलं. तुझ्याबद्दल तिनं तेच मनात ठेवलं असेल.

लग्न ठरलं. सासू मला पुढे कित्येक वर्षं कौतुकानं सांगायची, "त्याच दिवशी पसंत केल्ती तुला, तुझं वळण बघून." पंचेचाळीस वर्षांचा माझा संसार त्या वळणावर उभा राहिला. ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं. तू मला दोष देत नाहीस हे वाचलं आणि ते मला इतकं गोड लागलं की मी आईला पुढे केलं. तुझ्या बाबांचं वाचलं, आणि रात्री नाही, दिवसाढवळ्या नातवासमोर रडले. कांता, ते वीस दिवस तुझे नाहीत. माझे आहेत.

आईला विचारू नकोस. तिला काही माहीत नाही. जे विचारायचं ते मला विचार.

शालू


कुंभार पिंपळगाव
१२ जानेवारी २०२५

प्रिय शालू,

जय भीम. आज गेले होते. आत्ताच आले, अजून पातळही बदललेलं नाही, पण तुला लगेच लिहावंसं वाटलं.

तुझी आई अंगणात उन्हाला बाजेवर होती. मी कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. "सर्जेरावची कांता? माजे कागद वाचनारी? किती वर्सानं आली गं माय!" चांगुणाबाईनं ताक आणलं, घरच्या गाईचं. मी पाव कुस्करून त्यात बुडवला आणि भरवला. तीन घास घेतले, शालू. चांगुणाबाई म्हणाली, "चार दिसांत तोंडाला काय लावलं न्हवतं." चव विचारली तर म्हणाली, "भाकर न्हाई, पोळी न्हाई, पर ग्वाड हाय."

मग मी विचारलं. म्हटलं, द्वारकाकाकू, मी ताकाला आल्ते तेव्हा शालू मला म्हणाली, तांब्या खाली ठेव, आईनं सांगितलंय. तुम्ही असं का सांगितलं?

"शालू म्हनली?" तिनं विचारलं.

म्हटलं, हो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगायला वाकले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आसंल माय. निघालं आसंल माज्या तोंडून. चुकलं माजं. पदर पसरते तुज्याम्होरं." आणि खरंच पदर पसरायला लागली. मी तिचा हात धरून थांबवला.

नंतर चांगुणाबाईला म्हणाली, "फळीवरचा तांब्या काढ." चांगुणाबाईनं काढला. आमचा जर्मनचा तांब्या, काठाला चेमटलेला, पोटावर बाबांचं नाव टोचलेलं. दर दिवाळीला घासून ठेवायची म्हणे. "पोरगी न्यायला येईल, तवा आसावा," म्हणाली. त्यात ताक भरायला लावलं आणि माझ्या हातात दिला.

ते ताक मी घरी आणून बाबांच्या फोटोसमोर ठेवलं. आम्ही नैवेद्य वगैरे काही करत नाही, तुला माहीत आहे. तरी ठेवलं. थोड्या वेळानं मीच प्यायले. बऱ्याच वर्षांनी इतकं रडले आणि इतकं बरं वाटलं.

तुझ्या आईला मी माफ केलं. आता दर रविवारी पाव घेऊन जाणार आहे. तुझं पत्र असेल तर वाचूनही दाखवीन, काही न गाळता. चिंता करू नकोस. कार्ड आलं की ये.

तुझी,
कांता


कुंभार पिंपळगाव
२ फेब्रुवारी २०२५

शालू,

तुझं ४ जानेवारीचं पत्र परवा मिळालं. तोवर तुझी आई जाऊन नऊ दिवस झाले होते.

भुजंगनं तुला फोनवर सांगितलंच असेल, पण त्याला जे माहीत नाही ते मी लिहिते. १९ तारखेच्या रविवारी मी पुन्हा गेले होते. त्या दिवशी तिला पाव गेला नाही, नुसतं ताक दोन चमचे घेतलं. मी निघाले तेव्हा तिनं हात सोडला नाही. म्हणाली, "शालूला कागद लिवशील तवा तिला रागं भरू नको. पोरगी लांब ऱ्हाती, एकली पडून राह्यली." मी म्हटलं, मी तिला कशाला रागं भरू, तिनं काय केलंय? तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, थकली. बुधवारी सकाळी गेली.

परवा तुझं पत्र वाचलं आणि मी बाजारातून आणलेली भाजी तशीच हातात धरून ओट्याशी उभी राहिले.

"शालू म्हनली?" एवढं विचारून ती गप्प बसली होती ना, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. आपण त्या दिवशी मळ्यात होतो, पाहुण्या घरात होत्या, पोरगी तांब्याबद्दल आणि गर्वाबद्दल खोटं बोलली होती. पन्नास वर्षांचा हिशोब तिनं बाजेवर पडल्या पडल्या लावला, आणि तुला पाठीशी घातलं. जी मला हातात तांब्या देणारी गावातली एकटी बाई होती, तिला मी मरणाच्या दहा दिवस आधी पदर पसरायला लावला. ज्या गोष्टीत तिचा काडीचा हात नव्हता तिच्यासाठी. आणि वर माफ करून मोठेपणानं घरी आले, शालू, तुला आनंदानं पत्र लिहिलं. ते पत्र तुला मिळालं असेल. ते जाळ.

तू फोन ठेवण्याआधी एक वाक्य बोलली असतीस तर हे झालं नसतं. "कोण?" म्हणणारी मीच होते. तो फोन मला आठवतो. मोबाइल कंपनीचा असेल म्हणून मी चिडले होते.

ते वीस दिवस तुझे, असं तू लिहिलंस. नाहीत. ते माझेच आहेत, ते तुला द्यायला मी तयार नाही. तुझे ते सगळे दिवस आहेत, जे तुझ्या आईनं मला गर्विष्ठ समजून काढले आणि तरी दर दिवाळीला तांब्या घासला.

तू आली नाहीस. कार्डाचं कारण खरं असेल. तुझं कोणतं कारण खरं, हे आता मला ओळखता येत नाही, एवढंच.

चांगुणाबाई अजून त्या घरात आहे, गाय आहे तोवर राहणार म्हणते. रविवारी ती ताक पाठवते. आज पाव केला. सवयीनं चार भाग केले, एक साक्षीला, एक मला, एक चांगुणाबाईला. चौथा तसाच राहिला. तुझं पत्र त्याच्याच शेजारी पडलंय.

मी तुला रागं भरलेली नाही. तिचा शब्द आहे, तो मी पाळते आहे. पण माझ्याकडे माफी होती ती मी देऊन बसले, आणि जिला दिली तिला तिची गरज नव्हती. दुसरी कुठून आणू ते मला कळत नाही. कधी सापडली तर कळवीन.

कार्ड येईल. तू येशील. भुजंगकडे उतरशील, आईच्या फोटोला हार घालशील. त्यानंतर माझ्याकडे ये. येताना भांडं घेऊन ये. ताक मी देईन.

हातात देईन की खाली ठेवायला लावीन, ते मात्र आत्ता सांगता येत नाही.

कांता